मका भिजण्याआधी : हथखोजच्या कारागिरांना आणि भिलाई-दुर्गच्या मराठी मंडळींना आवाहन



अनंत चतुर्दशी झाली. मांडव उतरले, ताडपत्र्यांच्या घड्या मंडळांच्या खोल्यांत रचल्या गेल्या. 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा आहे. त्या दिवशी हथखोजच्या औद्योगिक क्षेत्रातले लेथ थांबतील, वेल्डिंग थांबेल, यंत्रांना हार चढतील. आणि त्याच दिवसांत छत्तीसगडच्या टिकऱ्यांवर, म्हणजे उंचवट्यावरच्या रानांत, आणि घरामागच्या बाड्यांत मक्याची कणसं वाळायला लागतील. जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला पेरलेला मका वाणानुसार 90 ते 110 दिवसांत काढणीला येतो. म्हणजे सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. परतीचा पाऊसही नेमका तेव्हाच असतो.

हे आवाहन त्या तीन-चार आठवड्यांसाठी आहे. आमचं मागणं आधीच सांगून टाकतो. तुमच्या ताडपत्र्या द्या, कोरड्या जागा द्या. मका सोलायची आणि वाळवायची साधनं बनवून द्या. ज्यांची शेती गावाकडे दुसऱ्याच्या हातात आहे, त्यांनी कसणाऱ्याला कागद करून द्या. हे का मागतो आणि आजच का मागतो, ते पुढे लिहिलं आहे. कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

भिलाईत शेतीचा विषय निघाला की एक वाक्य हटकून कानावर येतं : दोन एकरांत काय पिकणार? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं : या लोकांना नीट पिकवताच येत नाही. पहिल्यात थोडं तथ्य आहे. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशात एका खातेदाराकडे सरासरी 1.08 हेक्टर जमीन आहे, म्हणजे पावणेतीन एकरसुद्धा नाही, आणि शंभरातले 86 खातेदार अल्प किंवा अत्यल्प भूधारक आहेत. दुसरं वाक्य मात्र अन्यायाचं आहे, आणि ते आपल्या तोंडी सहज येतं म्हणून त्याचा समाचार घ्यायलाच हवा.

इंग्लंडच्या एम. जे. फॅरेल यांनी 1957 मध्ये उत्पादनाची कार्यक्षमता मोजण्याची एक रीत मांडली. तेवढंच बियाणं, तेवढंच खत आणि तेवढेच हात वापरून परिसरात सगळ्यात जास्त कोण पिकवतो ते पाहायचं, आणि बाकीचे त्याच्या किती मागे आहेत ते मोजायचं. आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या लहान मका-शेतकऱ्यांची कार्यक्षमता आज याच धाटणीनं मोजतात. मागे राहण्याची कारणं शोधताना तीच ती नावं पुढे येतात : चांगलं बियाणं, सल्ला देणाऱ्या माणसाची गाठभेट, वेळेवर कर्ज, शिक्षण, बाजाराचं अंतर. आळस हे कारण या यादीत नाही. अमेरिकेचे थिओडोर शुल्ट्झ यांनी 1964 मध्ये तर असं मांडलं, की गरीब शेतकरी हाताशी असलेल्या साधनांचा पुरेपूर कस काढतो. तोकडी असतात ती साधनं. या म्हणण्याला त्यांनी ज्या अभ्यासांचा आधार घेतला, त्यांतला एक डेव्हिड हॉपर यांनी उत्तर प्रदेशातल्या सेनापूर गावात केलेला होता. शुल्ट्झ यांना पुढे 1979 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

भारतात मक्याचा उतारा हेक्टरी साडेतीन टनांच्या आसपास आहे. जगाची सरासरी सहा टनांच्या जवळ जाते, अमेरिकेची अकराच्या घरात. हे आकडे पाहून कोणी म्हणेल, शेत मोठं असल्याशिवाय हे साधणार नाही. मग बिहारकडे पाहा. कोसीच्या पट्ट्यात, पूर्णिया-कटिहार-खगडियाकडे, लहान लहान शेतकरीच रब्बीचा मका घेतात आणि देशाच्या सरासरीहून चांगला उतारा काढतात. तिथल्या शेताचे तुकडे काही आपल्याहून मोठे नाहीत. हंगाम कोरडा आहे, पाणी हाताशी आहे, बियाणं संकरित आहे आणि गुलाबबागसारखी मोठी मंडी जवळ आहे. माणूस तोच, साधनं आणि वेळ वेगळी.

आमचं म्हणणं एवढंच आहे. लहान शेतकऱ्याचा मका कमी पडतो तो ठरावीक दिवसांत. त्या दिवसांत एखादं साधन, चार हात किंवा थोडे पैसे हाताशी नसतात, आणि दिवस निघून जातो. झोतभट्टीतून लोखंड काढायची वेळ झाली की उद्या बघू म्हणता येत नाही, हे या गावाला कोणी शिकवायला नको. मक्याच्या हंगामातही असे चार-पाच क्षण येतात.

पहिला क्षण पेरणीचा. 60 सेंटिमीटरवर ओळ आणि ओळीत 20 सेंटिमीटरवर दाणा टोकला, तर एकरात 33 हजारांच्या आसपास झाडं बसतात. मक्याला धानासारखे फुटवे येत नाहीत. धान विरळ उगवलं तर फुटवे ती जागा भरून काढतात. मका विरळ उगवला तर ती जागा काढणीपर्यंत मोकळीच राहते, कारण एका झाडाला बहुधा एकच कणीस धरतं. कणसामागे 80 ग्रॅम दाणा धरला, तरी एकरी 10 हजार झाडं कमी भरली की 8 क्विंटल मका गेला. नांगरट तेवढीच झाली, खत तेवढंच पडलं, निंदणाची मजुरी तेवढीच गेली. नांगरामागे मूठ सोडत किंवा हातानं फोकून पेरलेल्या रानात हे दरवर्षी घडतं. उपाय म्हणजे हातानं ढकलायचं एक टोकण यंत्र. चाक, डबा, दात्यांची चकती, फाळ; हथखोजमधला कोणताही फिटर नमुना पाहून ते बनवेल.

जमीन कुठली मिळते, हेही पाहावं लागतं. छत्तीसगडात भाठा, मटासी, डोरसा, कन्हार अशी जमिनीची चढती प्रतवारी लोकांच्या तोंडी आहे. पाणी धरणारी चांगली जमीन धानाला जाते, मक्याच्या वाट्याला येतो तो उंचवट्यावरचा हलका तुकडा, नाहीतर घरामागची बाडी. हलक्या जमिनीत तुरा आणि कणसाला केस येण्याच्या दिवसांत आठवडाभर पाऊस दडला की दाणे भरत नाहीत, कणीस बोडकं राहतं. भारी जमिनीत उलटं होतं. दोन दिवस पाणी मुळाशी तुंबलं की झाड पिवळं पडतं. वरंब्यावर पेरलं तर पीक तगतं, पण वरंबे पाडायचं अवजार पेरणीच्या आठवड्यात भाड्यानं मिळायला तर हवं.

दुसरा क्षण निंदणाचा, आणि आमच्या मते छत्तीसगडात सगळ्यात जास्त मका इथे हरतो. पेरणीनंतर 15 ते 45 दिवस मक्याला तणाचा त्रास सोसत नाही. नेमक्या त्याच दिवसांत धानाची रोवणी किंवा बियासी (फोकून पेरलेल्या उभ्या धानात नांगर फिरवणं) चाललेली असते. घरातल्या बायाबापड्या चिखलात असतात, मजूर मिळत नाही, आणि मका तणात उभा राहतो. याला शेतकऱ्याची चूक म्हणता येत नाही. छत्तीसगड सरकार धानाला क्विंटलला 3100 रुपये देतं आणि एकरी 21 क्विंटलपर्यंत विकत घेतं, म्हणजे एकरामागे सुमारे 65 हजार रुपयांपर्यंतची खात्री. ज्या पिकाला गिऱ्हाईक ठरलेलं आहे, त्यालाच पहिली मजुरी, पहिलं खत आणि सकाळचे ताजे हात मिळणार. मक्याला उरलेली दुपार मिळते. कार्यक्षमतेचा एवढा मोठा भाग शेताबाहेर ठरतो, आणि तो शेतकऱ्याच्या माथी मारला जातो याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

डवरणीचं हलकं अवजार असेल तर दोन ओळींमधलं तण एक माणूस दिवसभरात बऱ्यापैकी काढू शकतो. मात्र त्यासाठी ओळी सरळ हव्यात, म्हणजे पुन्हा टोकण यंत्र आलं. एक साधन दुसऱ्याला हात देतं, ते असं.

अमेरिकन लष्करी अळीबद्दल बहुतेकांनी ऐकलं असेल. 2018 च्या उन्हाळ्यात ती भारतात पहिल्यांदा कर्नाटकात दिसली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरली. अळी लहान असताना पानांवर पांढरे चट्टे दिसतात. ती मोठी झाली की पोंग्यात शिरते, आपल्याच विष्ठेनं पोंग्याचं तोंड बुजवते, आणि मग वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाजवळ चौकोनात चार ठिपके, ही तिची खूण. पहिले तीन-चार आठवडे दर दोन-तीन दिवसांनी शेतातून चक्कर मारली, अंडीपुंज चिरडले, कामगंध सापळे लावले, तर पुढचा फवारा बऱ्याचदा वाचतो. गावानं मिळून एकाच आठवड्यात पेरलं तरी प्रादुर्भाव कमी राहतो. यंदा ती वेळ गेली. पुढच्या जूनसाठी लक्षात ठेवू.

खताचं थोडक्यात सांगायचं तर नत्र एकदम न देता तीन हप्त्यांत द्यावं, जस्ताची कमतरता असेल तर झिंक सल्फेट द्यावं, आणि संकरित बियाणं दरवर्षी नवं घ्यावं, कारण घरचं राखून पेरलं की उतारा पडतो. हे शेतकऱ्यांना माहीत आहे. अडतं ते पैशांपाशी, आणि पैशांचा प्रश्न कागदापाशी येतो. त्याकडे आपण येऊच.

आता काढणी. याच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

शेतातून कणीस तोडतो तेव्हा दाण्यात 20 ते 25 टक्के ओलावा असतो, पाऊस असेल तर त्याहून जास्त. हमीभावानं विकायला ओलावा 14 टक्क्यांच्या आत हवा. घरात साठवायचा तर 12-13 टक्क्यांवर आणावा लागतो. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्रानं मक्याचा हमीभाव 2400 रुपये ठरवला. आदल्या वर्षी तो 2225 होता. आता हिशेब करा. 24 टक्के ओलाव्याचा 100 किलो मका 14 टक्क्यांवर आणला की 88 किलोंहून थोडा जास्त भरतो. साडेअकरा किलोंहून थोडं जास्त पाणी उडून गेलं. म्हणजे 2400 च्या हिशेबानं त्या ओल्या क्विंटलची न्याय्य किंमत सुमारे 2120 रुपये होते. त्याच्याखाली जो भाव मिळतो, तो पाण्याचा कापलेला नसतो. आकाश भरून आलेलं आहे, अंगणात ढीग पडला आहे, वाळवायला जागा नाही, परत न्यायला गाडीचं भाडं नाही, याची ती किंमत असते. ओलावा मोजायचं यंत्र व्यापाऱ्याकडे, बोटानं दाबून सांगणाराही व्यापारीच. एका गावात एक ओलावामापक असता तर किमान वाद तरी घालता आला असता.

पैशांपुरतंच असतं तर आम्ही इतकं कळवळून लिहिलं नसतं. ओला मका ढिगात राहिला की त्यावर बुरशी येते, आणि ॲस्परजिलस जातीच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते शिजवून पुरतं जात नाही आणि डोळ्यांना दिसत नाही. 1974 च्या पावसाळ्यानंतर राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल या जिल्ह्यांच्या आदिवासी गावांत कावीळ झाल्यासारखी माणसं आजारी पडू लागली. तपासात कारण सापडलं : काढणीच्या वेळी अवकाळी पावसात भिजलेला आणि तसाच साठवलेला मका. शंभरावर माणसं गेली. त्यांनी विकायचा मका वेगळा आणि खायचा वेगळा ठेवला नव्हता. बाडीतला मका घरातच खातात. आपल्याकडे बाडीतला हा मका, म्हणजे जोंधरा, पोरंबाळं खातात, कोंबड्या खातात, उरलेला पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोठीत असतो. म्हणून ताडपत्री ही आम्हाला दयेची वस्तू वाटत नाही. ती आरोग्याची वस्तू आहे.

हथखोजच्या कारखानदारांना आणि कारागिरांना

2 फेब्रुवारी 1955 ला सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि भिलाई उभी राहिली. त्या कारखान्याला आणि त्याच्याभोवती पुढे आलेल्या आपल्या शेडना जमिनी दिल्या त्या इथल्याच शेतकरी गावांनी. गोंदिया, भंडारा, नागपूरकडून आपली मराठी माणसं कामाला आली, स्थिरावली, पोरांची शिक्षणं झाली. ज्यांच्या रानावर आपण उभे आहोत, त्यांच्या शेजाऱ्यांना आज चार वस्तू हव्या आहेत, आणि त्या सगळ्या लोखंडाच्या आहेत.

सगळ्यात सोपी हातसोलणी. लोखंडी नळीचा वितीएवढाही नसलेला तुकडा, आतल्या बाजूला चार उभ्या पाती. वाळलेलं कणीस आत घालून फिरवलं की दाणे गळतात. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं हिचा नमुना कधीच तयार करून दिला आहे. कटिंगमधून उरलेल्या तुकड्यांतून एका शेडला दिवसभरात अशा पुष्कळ सोलण्या करता येतील. बोटांची सालपटं निघेपर्यंत हातानं सोलणाऱ्या बायांना ही एक नळी म्हणजे केवढा आराम आहे, हे एकदा सोलून बघणाऱ्यालाच कळेल. फक्त पातीच्या कडा घासून गोल करा.

दुसरी, मोटारीवर किंवा ट्रॅक्टरवर चालणारी मळणी. ती बाजारात मिळते, पण एका लहान शेतकऱ्यानं घ्यावी अशी तिची किंमत नाही. तीन-चार गावांत मिळून एक पुरते. ज्यांच्याकडे जुनी, नादुरुस्त पडलेली आहे, त्यांनी ती दुरुस्त करून गावच्या महिला गटाला भाड्यानं द्यावी. छत्तीसगडात बिहानचे, महाराष्ट्रात उमेदचे गट जवळजवळ गावोगाव आहेत. एक विनंती हात जोडून : पट्ट्यावर आणि तोंडावर जाळी बसवल्याशिवाय यंत्र शेडबाहेर जाऊ देऊ नका. मळणी यंत्रात बोटं आणि हात गेलेली माणसं तुम्ही-आम्ही पाहिली आहेत. सुरक्षिततेचं शिक्षण ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या मिळालं, त्या गावचं यंत्र तसंच दिसलं पाहिजे.

तिसरी, कणसं वाळवायची जाळीची कणगी. जमिनीपासून कमरेएवढी उंच, दोन्ही अंगांना वेल्डमेशची जाळी, वर पत्रा. रुंदी दोन फुटांहून जास्त करू नका, कारण आपल्या दमट हवेत रुंद कणगीच्या मधल्या कणसांना वारा लागत नाही. लांबी लागेल तेवढी वाढवा. वाऱ्याला आडवी उभी करा. पायांना उंदीर चढू नये म्हणून पत्र्याच्या उलट्या टोप्या बसवा. आफ्रिकेच्या पावसाळी भागात शेतकरी याच धर्तीच्या कणग्यांत मका वाळवतात. वीज लागत नाही, डिझेल लागत नाही, आणि पाऊस आला तरी कणसं वर सुरक्षित राहतात. आमचा सगळा जोर या कणगीवर आहे. एवढी एक वस्तू झाली तरी यंदाचा हंगाम सत्कारणी लागला असं आम्ही समजू.

चौथी वस्तू मोठी आहे आणि ती कदाचित या वर्षी साधणार नाही : सपाट पेटीचं वाळवण यंत्र. भोकांच्या पत्र्याचा तळ, खालून पंख्यानं ढकललेली गरम हवा, बाजूला भट्टी. व्हिएतनाम आणि फिलिपिन्समध्ये धानासाठी अशी यंत्रं वापरतात. दाणे काढल्यावर उरलेली बुरकुंडंच या यंत्राचं सरपण. धूर दाण्याला लागता कामा नये, म्हणून धुराची नळी वेगळी आणि हवा वेगळी ठेवावी लागेल. बियाण्याचा मका असेल तर हवा 43 अंशांच्या वर जाऊ देता येणार नाही. हे काम पंखे, डक्टिंग आणि उष्णता कळणाऱ्यांचं आहे, आणि असे निवृत्त लोक भिलाईच्या सेक्टरांत घरोघर बसलेले आहेत. काका, तुमची वही काढा. डिझाइन या हिवाळ्यात करू, पुढच्या हंगामाला यंत्र उभं करू. गट किंवा शेतकरी कंपनी पुढे आली तर 2020 साली सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत मिळते. त्याची कागदपत्रं करून द्यायला बँकेत काम केलेली माणसंही आपल्यात आहेत.

गणेश मंडळांना

तुमच्या ताडपत्र्या गणेशोत्सव आणि नवरात्रातल्या काही दिवसांव्यतिरिक्त वर्षभर पडून असतात. त्या दसऱ्यानंतर लगेच द्या, आणि ज्यांना नवरात्र नाही त्यांनी आजच द्या. एका ताडपत्रीवर पातळ थरात बरेच क्विंटल मका पसरता येतो, आणि ढग आले की पाच मिनिटांत गुंडाळता येतो. उघड्या डांबरी रस्त्यावर मका वाळवताना अपघात होतात आणि दाण्यात खडे येतात, ते टळेल. ज्या मंडळांकडे सिमेंटचं प्रांगण किंवा सभागृह आहे, त्यांनी ऑक्टोबरचे पंधरा दिवस ते जवळच्या गावाला द्यावं. नावाची पाटी लावू नका, फक्त चावी द्या.

ज्यांची जमीन गावाकडे आहे त्यांना

हा भाग अवघड आहे, आणि आपल्याच घरातला आहे. आपल्यापैकी कित्येकांची वडिलोपार्जित शेती गोंदिया, देवरी, आमगाव, राजनांदगावकडे आहे. कोणी ठोक्यानं दिली आहे, कोणी बटईनं. इकडे त्यालाच अधिया किंवा रेगहा म्हणतात. कसणारा एक, सातबारावर नाव दुसऱ्याचं. मग त्याला किसान क्रेडिट कार्ड मिळत नाही, पीक विमा मिळत नाही, हमीभावाच्या केंद्रावर त्याची नोंदणी होत नाही. वेळेवर परतफेड करणाऱ्याला 4 टक्क्यांनी मिळणारं पीककर्ज सोडून तो सावकाराकडे किंवा खताच्या दुकानदाराकडे जातो, आणि त्यांचं देणं फेडायला ओलाच मका त्यांच्याच काट्यावर घालतो. कार्यक्षमतेचा प्रश्न इथे आपल्या उंबऱ्यात येऊन उभा राहतो.

जमीन जाईल ही भीती आम्ही समजतो. ती पिढ्यांची आहे आणि कुळकायद्याच्या आठवणींतून आलेली आहे. म्हणून आम्ही मालकी सोडा म्हणत नाही. जाणकार वकिलाकडून साधा, मुदतीचा करार करून घ्या, संमतीपत्र द्या. महाराष्ट्रातल्या जमिनीवर मका असेल तर ई-पीक पाहणीत तो मका म्हणूनच नोंदवा, मुदत संपायच्या आत. छत्तीसगडात असेल तर गिरदावरीच्या, म्हणजे पीकनोंदीच्या, वेळी पटवाऱ्याकडे पीक बरोबर लागलं आहे की नाही, ते फोन करून विचारा. धान लिहून ठेवलं आणि रानात मका उभा आहे, असं झालं तर विक्रीच्या दिवशी शेतकरी रिकाम्या हातानं परत येतो.

अनेक घरांत शेत खरं तर बाईच कसते. पेरणीची मूठ तिची, निंदण तिचं, वाळवण तिचं, आणि सल्ल्याच्या बैठकीला मात्र पुरुषाला बोलावणं जातं. करार करणार असाल तर तिचंही नाव घाला.

मका विकत घेणाऱ्यांना

राजनांदगावच्या बाजूला कुक्कुटपालनाचा आणि पशुखाद्याचा मोठा धंदा आहे. कोंडागावजवळ कोकोडीला शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा मका प्रक्रिया कारखाना उभा राहिला. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलसाठी मक्याची मागणी इतकी वाढली, की एरवी मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशानं 2024 मध्ये तो बाहेरून मागवला. टनभर मक्यापासून सुमारे 380 लिटर इथेनॉल निघतं. मागणी आहे, कारखाने आहेत. दारातला शेतकरी मात्र भावाच्या अंधारात आहे. तुमच्या फाटकावर एक फळा लावा : किती टक्के ओलाव्याला किती कपात, आजचा भाव किती. ओलावा शेतकऱ्यासमोर मोजा आणि आकडा पावतीवर लिहा. याला खर्च नाही. कोरडा मका आणणाऱ्याला जास्त पैसे मिळतात हे त्याला एकदा दिसलं, की पुढच्या वर्षी तो स्वतःहून वाळवून आणेल, आणि बुरशीचा मका कोंबड्यांच्या खाद्यात जाणार नाही, हा तुमचाच फायदा.

खरेदीदारांपलीकडची एक गोष्ट सरकारी दफ्तरांतून सुटणार नाही, ती गावानंच धरायला हवी. धान निघालं की इकडे गुरं मोकळी सोडतात. अशा मोकळ्या रानात कोणी मका लावायचा म्हटलं तर एकट्याला कुंपण परवडत नाही, म्हणून पाणी असूनही रब्बीचा मका घेता येत नाही. राज्यात 2020 मध्ये रोका-छेका मोहीम झाली ती मोकाट गुरं आवरण्यासाठीच. गुरं आवरायची की नाही हे ग्रामसभेत ठरतं, आणि तिथे आपले नातेवाईक बसतात. त्यांच्याशी बोला. कोरड्या हंगामातला मका परतीच्या पावसात सापडत नाही.

आता कामाचं. या रविवारी हथखोजमध्ये ज्यांना येणं जमेल त्यांनी उरलेली जाळी, अँगलचे तुकडे, पत्रे बाजूला काढावेत. विश्वकर्मा पूजेच्या आत दोन कणग्या नमुन्याच्या उभ्या व्हाव्यात, एक शेडजवळ आणि एक जवळच्या गावात, म्हणजे लोक पाहतील, हात लावतील, चुका सांगतील. 18 तारखेपासून बाकीच्या. कृषी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांना दोन्ही नमुने दाखवून घ्या. रुंदी-उंचीबद्दल ते जे सांगतील ते आमच्या लिहिण्यापेक्षा वरचं समजा. ओलावामापक गावामागे एक हवा. वर्गणी निघेल तशी घेऊ, पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. मीठ आणि काचेची बाटली प्रत्येक घरात असते. कोरड्या बाटलीत कोरडं मीठ घाला, त्यात बाटली तिसरा हिस्सा भरेल इतके मक्याचे दाणे घाला, झाकण घट्ट लावून नीट हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे, अजून वाळवा. मीठ तळाशी मोकळं राहिलं तर मका साठवणीच्या जवळ आला आहे. ही रीत गावातल्या शाळेच्या मुलांना दाखवा, ती घरी जाऊन आजीला दाखवतील.

आणि वस्तू देताना हिशेब पहिल्याच बैठकीत लिहून घ्या : सोलणी यंत्र कोणत्या गटाकडे राहील, दिवसाचं भाडं किती, मोडलं तर दुरुस्ती कोण करणार, ताडपत्री किती तारखेला परत येणार. विधवा बाई, अधियावाला आणि एक एकरवाला यांचा नंबर आधी लागेल, हेही त्याच कागदावर लिहा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.